एक ठोका थांबा, दोन ठोके चला

चढ तसा मोठा नव्हता. शेताच्या कडेला जमीन जरा फुगलेली, कुशीवर निजलेल्या माणसाच्या खांद्यासारखी, एवढंच. पण त्या चढाला ट्रॅक्टर लागला आणि त्याचा नुसता आवाज वाढला, चाल काही वाढेना. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय, धुराड्यातून काळं निघतंय, आणि मागची मोठी चाकं आपल्याला कुणी हाकच मारली नाही अशी गप्प. मग वास आला. जळक्या केसांचा असतो तसा, घशात जाऊन बसणारा.

कप्तानीण नळापाशी बादल्या घासत होती. तिच्यापर्यंत वास पोचला. बादली तशीच टाकून ती पळत सुटली.

कप्तानीण म्हणजे कप्तानांची बायको. कप्तान कधी सैन्यात नव्हते की बोटीवर नव्हते. ट्रॅक्टरवर पाठीत काठी घातल्यासारखे ताठ बसायचे, म्हणून कुणीतरी कधीतरी थट्टेनं कप्तान म्हटलं आणि ते नाव अंगाला चिकटलं. त्याबरोबर हिचंही नाव गेलं. दोघांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलंही नव्हतं.

"अहो, बंद करा! बंद करा आधी!"

"अगं, चढतेय ती. जरा दम धर."

"चढत नाही, जळतेय! वास येत नाही का?"

कप्तानांनी चावी फिरवली. आवाज थांबला. त्यांनी मान वळवून ट्रॅक्टरच्या मागे पाहिलं. मागे काहीच जोडलेलं नव्हतं. मग खाली उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, जरा गोंधळून.

"तू खाली कधी उतरलीस?"

"उतरले आत्ताच," ती म्हणाली. अशा प्रश्नांना आडवं जायचं नाही, हे ती शिकली होती. तिनं हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आणि दोघं घराकडे चालू लागली. तिच्या मनात एकच. या वासानंतर उद्या काय?

कप्तानांची आठवण एका दिवसात गेली नव्हती. बैठक मोडताना पाहुणे उठतात तशी ती गेली, एकेक करून, निरोप न घेता. आधी वार गेले. मग शेजाऱ्यांची नावं. मग लेक कुठल्या गावी राहते ते. आणि मग एका सकाळी, ती चहाचा कप पुढे करत असताना, ते सावरून बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्या घरी वाट बघत असतील."

ताई. उभ्या संसारात ते तिच्याशी एवढ्या अदबीनं बोलले नव्हते. आता बोलायचे, दार उघडून धरायचे, "आधी तुम्ही घ्या" म्हणायचे, आणि तिला वाटायचं, कुणीतरी आपल्यावर खेकसा हो एकदा.

पण ट्रॅक्टर होता. चावी फिरली, बुडाखालची ती लोखंडी सीट थरथरली, की त्या थरथरीतून कुठलीशी गाठ सुटायची आणि शब्द बाहेर यायचा. अगं. "अगं, ती कॅन दे." "अगं, ऊन लागेल, डोक्याला बांध काहीतरी." खाली उतरल्यावरही तो शब्द थोडा वेळ टिकायचा, तापलेलं इंजिन निवायला वेळ लागतो, तसा. तेवढ्या वेळात ती चहा करून घ्यायची, तेवढ्या वेळात शेजारी बसून घ्यायची. मग इंजिन निवायचं. मग पुन्हा ताई.

लेक फोनवर ओरडायची. "आई, विकून टाका ते धूड! बाबा पडतील एखाद्या दिवशी."

"बघू," ती म्हणायची. लेकीला काय सांगणार? तुझे बाबा मला रोज थोडा वेळ ओळखतात आणि त्याला डिझेल लागतं?

*

मिस्त्री आला तो मोटारसायकलवरूनच बोलत आला.

"काय कप्तानीणबाई, म्हातारीनं पुन्हा हातपाय गाळले?"

"कुठल्या म्हातारीबद्दल बोलतोस ते आधी सांग."

"तुम्ही अजून वरच्या गिअरात आहात, वहिनी. मी हिच्याबद्दल म्हणतोय." त्यानं बोनेटवर थाप मारली. लाल रंग उडून गुलाबी झालेलं बोनेट, एका बाजूला चेपलेलं. "आवाज बघा कसा खणखणीत. पाय तेवढे गेलेत."

मिस्त्री हे काम कप्तानांच्याच हाताखाली शिकला होता. आता त्याचेही केस पिकले होते, पण कप्तान समोर असले की त्याच्या तोंडातली विडी आपोआप खाली यायची. कप्तान शेडच्या सावलीत उलट्या खोक्यावर बसले होते. त्यांनी मिस्त्रीला नमस्कार केला, कधी न पाहिलेल्या माणसाला करावा तसा. मिस्त्रीनं वाकून उलट नमस्कार केला आणि पटकन तोंड ट्रॅक्टरकडे वळवलं.

त्यानं क्लचचं पेडल पायानं नाही, हातानं दाबलं. हळूच, दुखरी जागा चाचपतात तसं.

"हे बघा वहिनी. पेडल दाबलं की आधी बोटभर पोकळ जायला पाहिजे. तोवर आत कुणाला काही कळता कामा नये. मग जड लागलं पाहिजे. इथे पोकळ नावाला नाही. हात लागला की लगेच जड."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय काढला तरी क्लच पुरता धरत नाही. घसरतो. घसरला की तापतो, तापला की जळतो."

तो खाली सरपटत गेला. पाना अडकल्याचा आवाज, मग एक शिवी, मग नट फिरल्याचा आवाज. पेडलच्या दांडीची लांबी त्यानं थोडी बदलली आणि बाहेर आला. आता पेडल बोटभर पोकळ जात होतं. कप्तानीणीनं स्वतः दाबून पाहिलं. तिच्या जिवात जीव आला.

"झालं?"

"थांबा. परीक्षा घेऊ." त्यानं इंजिन चालू केलं, ब्रेक आवळले, सगळ्यात वरचा गिअर टाकला. "आता मी क्लच सोडणार. चाकं ब्रेकनं बांधलीत. त्यामुळे इंजिन गुदमरून मेलं पाहिजे. ते मेलं तर क्लच जिवंत."

त्यानं क्लच सोडला. इंजिनाचा आवाज जरासा खोल गेला. मर, कप्तानीण मनात म्हणाली, मर गं बाई. पण आवाज पुन्हा वर आला आणि इंजिन निवांत धडधडत राहिलं, जसं काही झालंच नाही.

"नाही मेलं," मिस्त्री म्हणाला.

"बेअरिंग ओरडतंय," शेडमधून कप्तान म्हणाले. दोघांनी चमकून तिकडे पाहिलं. "पेडलला नुसता हात लावून बघा. बारीक ओरडतंय."

मिस्त्रीनं हात लावला. खरंच, इंजिनाच्या धडधडीखाली एक बारीक किंकाळी होती, सुईएवढी.

"आहे, उस्ताद," तो म्हणाला.

"अहो, मग बघता काय? खोला," कप्तान म्हणाले, आणि पुन्हा हातांकडे बघत बसले.

खोलण्याआधी मिस्त्रीनं एक शेवटची आशा तपासली. क्लचच्या घराला खालून एक भोक असतं. त्यात त्यानं तार घातली आणि बाहेर काढून बोटांनी पुसली. तार कोरडी निघाली.

"तेल नाही आत. असतं तर बरं झालं असतं. सील बदललं असतं, प्लेट धुतली असती, हसत घरी गेलो असतो."

*

ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर कमरेतून दोन करावा लागतो. दुसरा रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पुढच्या आसाशी लाकडी पाचरी ठोकल्या, पोटाखाली जॅक लावले, तारा सोडवल्या, नळ्या सोडवल्या, कंबरेभोवतीचे बोल्ट एकेक करून काढले. मग दोघांनी मिळून पुढचा भाग हलवला. लोखंड कण्हलं आणि फट पडली. इंजिन इकडे, चाकं तिकडे, मधे एक माणूस उभा राहील एवढा उजेड.

इंजिनाच्या पाठीला असते ती जाड, जड थाळी मिस्त्रीनं आधी पाहिली. ती निळी पडली होती आणि तिच्यावर भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. मग त्यानं क्लचची प्लेट काढून कप्तानीणीच्या हातात दिली.

"बघा. हिच्या दोन्ही अंगांना अस्तर असतं. तेच धरतं. ते गेलंय सगळं, नुसते रिबेटचे खिळे राहिलेत."

तिनं ती ओल्या फडक्यात धरली. अजून प्लेटला तो वास होता.

"दुसरी आण."

"कुठून? ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. मागल्या खेपेला ही प्लेट मी भंगाराचे ढीग उपसून आणली होती."

"मग अजून उपस. आणखी ढीग असतील."

"ढीगच संपले, वहिनी." तो खाली बसला. "आणि समजा मिळाली. ही थाळी तडकलीय, ती कुठून आणू? आणि समजा तीही मिळाली. खरी गोम वेगळीच आहे. नवी प्लेट वर्षानुवर्षं चालते. ही घातली त्याला एक हंगाम झाला नाही. का जळली ते कळल्याशिवाय दुसरी घालणं म्हणजे जळायला आणखी एक देणं. दुसरा कुणी चालवत असता तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, हा क्लचवर पाय ठेवून चालवतो. पण कप्तान? अहो, मी शिकत होतो तेव्हा माझा पाय पेडलवर विसावलेला दिसला की काठीनं हाणायचे. म्हणायचे, पेडल ही उशी आहे का रे तुझी?"

तो हात धुवायला नळाकडे गेला. कप्तानीणीला रिकामं बसवेना. तिनं फडकं घेतलं आणि ट्रॅक्टर पुसायला लागली. आजाऱ्याचं अंग पुसावं तसं, काही उपयोग नाही हे माहीत असून.

सीट पुसली, स्टिअरिंग पुसलं. उजव्या पायाखालची पत्र्याची पाटी बुटाच्या घासण्यानं चांदीसारखी पांढरी झाली होती. मग ती फिरून डाव्या बाजूला आली आणि तिचा हात थांबला.

डाव्या पायाच्या पाटीवर धूळ होती. आजची नाही, थरावर थर बसलेली, वाळल्या गवताच्या काड्यांसकट. कोपऱ्यात कोळ्यानं निर्धास्तपणे घर बांधलं होतं. या पाटीवर कुणाचा पाय कित्येक दिवसांत पडलाच नव्हता. आणि वरती क्लचच्या पेडलचं रबर इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात तळव्याचा खळगा उमटला होता.

तिनं त्या खळग्यावर हात ठेवला.

पूर्वी दोघं बटाटे लावायची. ट्रॅक्टरच्या मागे लावणीचं यंत्र, त्याला लोखंडी बैठक. त्या बैठकीवर ती बसायची आणि फिरत्या साखळीच्या वाट्यांत बेण्याचे बटाटे टाकत जायची. पुढे त्यांची ताठ पाठ, मागे तिचे चालते हात. इंजिनाच्या गोंगाटात हाक पोचायची नाही, म्हणून तिच्याजवळ एक लोखंडी गज असायचा. यंत्राच्या नळीवर एक ठोका दिला की थांबा, दोन दिले की चला. दिवसभर त्यांचं बोलणं ते एवढंच, आणि ते पुरायचं. ती आपल्याशीच गुणगुणायची:

पुढे तुझी रे पाठ, मागे माझी ओंजळ,
मधे लोखंडाची साखळी, तिची करकर मंजुळ.

एकदा तिची बाही त्या साखळीत सापडली. तिनं ठोका दिला. तो त्यांना ऐकू गेला, पण त्यांचा पाय खाली पाटीवर होता. पाटीवरून पेडलवर यायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात साखळीनं बाहीसकट हात ओढला. दोन बोटं तेव्हापासून वाकडी ती वाकडीच. त्या दिवशी ते तिला काहीच बोलले नाहीत, स्वतःलाही काही बोलले नाहीत. पण पुढे ती मागे बसली की त्यांचा डावा पाय पेडलवरून खाली म्हणून आला नाही. लावणी वर्षातून एकदाच, तेवढ्यानं प्लेटचं काही बिघडायचं नाही. एरवी नांगरताना, ओझं ओढताना पाय शहाण्यासारखा पाटीवर.

मग बटाटे बंद झाले. यंत्र शेडमागे गवतात पडलं. ती बैठकीवरून केव्हाच उतरली.

तू खाली कधी उतरलीस?

तिला एकदम सगळं दिसलं. त्यांच्या लेखी ती उतरलीच नव्हती. रोजच लावणी होती, रोजच ती मागे बसलेली होती, आणि ते तिला सांभाळत होते. पेडलवर पाय ठेवून, प्लेट जाळून, रोज. आणि तो शब्द, ते 'अगं'? जो ती रोज ट्रॅक्टरवरून उचलून पदराआड दिवा न्यावा तसा घरी न्यायची, तो शब्द हिच्यासाठी नव्हताच. तो त्या मागच्या बाईसाठी होता.

*

"तेच चालवतात पेडलवर पाय ठेवून," तिनं मिस्त्रीला सांगितलं.

"कप्तान? शक्य नाही."

"मी मागे बसलेली असते तेव्हा."

"तुम्ही आता कुठे मागे बसता?"

"तेच तर," ती म्हणाली.

मिस्त्रीनं पाटी पाहिली, पेडल पाहिलं. मग तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"पेडलखाली लाकूड बसवू?" तो शेवटी म्हणाला. "दाबलंच जाणार नाही असं."

"मग थांबवायचं कसं?"

"हो. नाही थांबणार."

"मागची बाई ओरडली तर?"

"मागे कुणी नाही, वहिनी."

"ते त्यांना सांग जाऊन."

तो गेला नाही. तिनं जळकी प्लेट उचलून त्याच्यापुढे धरली. "हीच प्लेट परत घाल. आणि जोडून दे."

"जळकी? अहो, इंजिन चालेल, गिअर पडेल, पण चाकं हलायची नाहीत. आता त्या प्लेटमध्ये घसरण्याइतकाही जीव नाही."

"सीट थरथरेल ना?"

"थरथरेल की."

"मग जोड."

मिस्त्रीनं जोडलं. एकही चेष्टा न करता जोडलं. बोल्ट आवळले, तारा लावल्या, आणि ती म्हणाली तसं गवतातलं यंत्र तिच्यासोबत ढकलत आणून ट्रॅक्टरच्या मागे अडकवलं. साखळी गंजून घट्ट झाली होती. नळीला बांधलेला गज मात्र तसाच होता. मिस्त्री जायला निघाला तेव्हा म्हणाला, "वहिनी, इतका खटाटोप कशाला?" आणि उत्तर ऐकायला न थांबता मोटारसायकलला लाथ मारून गेला.

*

ऊन उतरलं तसं ती कप्तानांना हाताला धरून घेऊन आली.

"चला. ट्रॅक्टर झाला तयार."

"कुणाचा हो, ताई?"

"तुमचाच."

"असं?" त्यांनी खूश होऊन पाहिलं. एरवी चप्पल कुठली पायात घालायची हे न कळणारा माणूस, पण हातानं स्टिअरिंग अचूक धरलं, पायानं पायरी अचूक शोधली. ते चढले, बसले, पाठ ताठ झाली. ती मागे जाऊन लोखंडी बैठकीवर बसली. किती वर्षांनी. बैठक थंड होती आणि समोर तीच पाठ होती, जरा बारीक झालेली.

इंजिन सुरू झालं. थरथर यंत्रातून तिच्या मांड्यांपर्यंत आली. तिनं गज उचलला आणि नळीवर दोन ठोके दिले.

कप्तानांनी वळून पाहिलं. तिच्याकडेच. नेमकं तिच्याकडे.

"अगं, नीट बसलीस ना? बाही वर कर आधी."

तिनं बाही कोपरापर्यंत दुमडली. दिसावी म्हणून हात उंच करून दाखवली. त्यांनी मान डोलावली.

गिअर पडला. डावा पाय हळूच वर आला. इंजिन धडधडत राहिलं आणि चाकं जागच्या जागी राहिली. जमीन हलली नाही, पाठ हलली नाही, साखळी करकरली नाही. त्यांचा पाय पेडलवर परतला, तिथेच विसावला. त्यांनी दुसरा गिअर टाकून पाहिला. मग मान एका अंगाला कलती करून ते ऐकत राहिले. तिला वाटलं, ऐकू नका. बसून राहा नुसते. मला काही कुठे जायचं नाही.

त्यांनी चावी फिरवली. सगळीकडे शांत झालं.

"प्लेट गेली," ते म्हणाले.

बाकी सगळं गेलं होतं, हे तेवढं गेलं नव्हतं. ते पायरी चाचपत उतरले आणि यंत्राला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. इंजिन तापायला अवधीच मिळाला नव्हता.

"ताई, उतरा तुम्ही. ही काही आता चालायची नाही."

ती उतरली नाही.

"एक काम कराल का?" ते जरा जवळ आले, आवाज बारीक केला. "आमच्या हिला एवढ्यात सांगू नका. ती मागे बसते ना, तिला वाटेल तिच्याच वजनानं झालं. फार लावून घेते जिवाला."

"नाही सांगत," ती म्हणाली.

"येईल इतक्यात. बाही शिवायला घरात गेली असेल."

असं म्हणून ते घराकडे चालू लागले. वखरलेल्या मातीतून, जरा झोकांड्या खात, पाठ मात्र ताठ. ती त्या पाठीकडे पाहत राहिली. हाक मारून उपयोग नव्हता. कुठल्या नावानं मारणार? हातात गज होता. तिनं नळीवर एकच ठोका दिला.

कप्तान थांबले. डावा पाय पुढे टाकून तसाच मातीत दाबून धरला, टाच आत रुतेपर्यंत. वळून पाहिलं नाही. मागे कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी थांबायचं एवढंच ठाऊक होतं.

ती बसून राहिली आणि ते उभे राहिले, बाजूला तो मेलेला ट्रॅक्टर. त्यांचा पाय थरथरू लागलेला तिला दिसला. तरी त्यांनी तो उचलला नाही.

मग तिनं दोन ठोके दिले, आणि ते चालू लागले.